जळक्या घरापुढची रांगोळी

रोहण्यात आनंदाकाकूंच्या घरी जायचं तर आधी स्वतःचे पाय तपासून घ्यावे लागत. पायाला माती दिसली की काकू ओट्यावरच बसवणार, आणि तुमची पाठ वळली की तिथं बादलीभर पाणी ओतणार. आमचा त्यांचा एका भिंतीचा शेजार. माझ्या बायकोला, छायाला, त्यांनी चार बायकांत सांगितलं होतं, "तुया घरच्या गिलासाले वास येते वं." मी हसण्यावारी नेलं. छायानं नाही नेलं.

रूपरावकाका गेल्यापासून काकू एकट्याच. मुलगा हेमराज पिपरी मेघेला दुकानात कामाला, बायकोसह एका खोलीत राहतो. तो दर सणाला म्हणायचा, "माय, चाल तिकडं." काकूंचं उत्तर ठरलेलं, "तुया खोलीत झाडायले जागा तरी हाय का?"

परवाच्या हिवाळ्यात त्या कापसाच्या वेचणीला गेल्या असताना भरदुपारी फ्रीजच्या बोर्डात ठिणगी पडली. पुढच्या खोलीत कापूस रचलेला. पेटलेला कापूस वरून विझल्यासारखा दिसतो आणि आतून धुमसत राहतो, त्यामुळे आम्ही तो ओढून ओढून रस्त्यावर काढला आणि मोटारीचा पाइप लावून भिजवला. कोणाला इजा झाली नाही, पण दोन खोल्यांचं छप्पर गेलं आणि आतला संसार जळाला. काकू कमरेची वेचणीची झोळी न सोडताच धावत आल्या. रडल्या नाहीत. लोकांच्या चिखलाच्या पायांकडे मात्र पाहत राहिल्या.

गावचे पोलीस पाटील नत्थूभाऊ ओरडून सांगून गेले, "उद्या सकाळी तलाठी पंचनाम्याले येतीन. तवरक कायलेच हात लावू नोका. जळालं तसंच राहू द्या. अन् आत जाऊ नोका, वासे पडतीन." सरकारी मदत मिळायची ती या पंचनाम्यावरच. ती मिळाली तर काकूंचा संसार इथं पुन्हा उभा राहणार, नाहीतर पिपरी मेघेची ती खोली आहेच.

'आत जाऊ नका' म्हटल्यावर सगळं गाव आत गेलं. दुःखात भेटायला जावं, ते बरोबरच आहे. पण हे भेटणं नव्हतं, पाहणं होतं. कोणी पायानंच डब्याचं झाकण सरकवत होतं, कोणी कपाटाचं जळकं दार ओढत होतं. फाटलेल्या गोधडीतून चिंध्या बाहेर आल्या होत्या, जळालेले आतले कपडे सगळ्यांच्या पायांत येत होते. छाया पदर नाकाला लावून उभी होती. ती चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "जलमभर झाडत राह्यली, अन् आता पाहा." काकू तिच्या मागेच होत्या. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला माझ्या बायकोची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी हेमराज आला. मायलेक आमच्याकडेच झोपले. सकाळी पाहतो तर काकूंचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं.

बाहेर आलो आणि डोक्याला हात लावला. काकूंच्या अंगणात सडा पडला होता, दारात रांगोळी निघाली होती. घरातली राख गेली होती, फरशी धुतली होती, हात पोचेल तिथपर्यंत भिंती घासल्या होत्या. वाचलेली भांडी लख्ख घासून पालथी घातली होती. जळालेले कपडे, गोधड्या, धान्य, सगळं घमेल्यानं वाहून उकिरड्यावर टाकलं होतं.

"माय, हे काय केलं वं!" हेमराज खालीच बसला.

"लोक येऊन राह्यले ना, बापू. कसं दिसते ते?"

इतक्यात तलाठी गाडीवरून आले. ते काकूंचं घर ओलांडून आमच्या काळ्या पडलेल्या भिंतीपाशी थांबले आणि मला विचारलं, "जळालेलं घर कोणतं?"

छप्पर त्यांनी पाहिलं, लिहून घेतलं. मग म्हणाले, "घराचं दिसून राह्यलं. पण सामानाचं काय? न पाह्यता कसं लिहू?" आगीचे व्हिडिओ घरोघरी होते, पण आतल्या सामानाचा एक फोटो कोणाकडे निघाला नाही. हेमराज सगळ्यांदेखत मायवर ओरडला, "आता घासत बस जलमभर!" काकूंची मान खाली गेली.

त्यांनी घमेलं उचललं आणि उकिरड्याकडे निघाल्या. टाकलेलं परत आणलं आणि स्वतःच्या हातानं सडा घातलेल्या अंगणात पसरलं. तलाठी एकेका वस्तूकडे बोट दाखवत होते, काकू सांगत होत्या.

"हे?"

"गहू."

"हे?"

"गोधडी."

"अन् हे?"

काकू थांबल्या. चार पुरुष उभे होते. "पोलके माये," त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हा छाया आमच्याकडचं घमेलं घेऊन उकिरड्यावर गेली. कोपरापर्यंत हात घालून तिनं उरलेलं उकरून आणलं आणि काकूंपुढे ठेवलं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"सामानापाशी उभ्या राहा, फोटो घेतो," तलाठी म्हणाले. काकू हात धुवायला वळल्या तर ते म्हणाले, "राहू द्या, असंच बरं. पदर जरा बाजूले घ्या, चेहरा दिसला पाह्यजे."

काकूंनी पदर बाजूला घेतला. तोंडाला काजळी, पायाशी ते सगळं, आणि समोर गल्ली. फोटो निघाला. तलाठी पंचांच्या सह्या घ्यायला वळले, तशा काकू एकदम बोलल्या.

"साहेब, माया घरी असं कधीच राह्यत नाई. तेवढं लिहा."

तलाठ्यांचा पेन तसाच राहिला. एरवी अशा बोलण्यावर आमच्या गल्लीत हशा पिकला असता. त्या दिवशी सगळे खाली पाहत होते.

"लिहा, साहेब," छाया म्हणाली. तिचे हात अजून काळेच होते. "त्याच्याखाली पंच म्हणून माही सही घ्या."

काकूंनी तेव्हाही तिच्याकडे पाहिलं नाही.