अक्काला गॅस नव्हता

माझ्या बहिणीच्या छातीला पहिल्यांदा नीट स्टेथोस्कोप लागला, तेव्हा तिचे अकरा दिवस उरले होते.

आज तिला जाऊन वीस वर्षं झाली.

सुमित्रा. माझी थोरली बहीण. आम्ही सगळे अक्काच म्हणायचो. सासर वसमतजवळच्या खेड्यात. घरी हळदीची शेती, दोन म्हशी, सासू, दाजी आणि सहा वर्षांची लेक, पिंकी.

मी तेव्हा वसमतला आधी बारावी, मग डी.एड. करत होतो. राहायला अक्काकडेच. तिच्या हातचं खाऊन शिकत होतो.

तिला दम लागायचा.

आधी डोक्यावर पाटी घेतली की. मग घागर उचलली की. मग नुसतं बोललं तरी.

सासू म्हणायची, "आमी आठ-आठ लेकरं काढली, आमाला न्हाई लागला कधी दम."

दाजींना शेतातून सवड नसायची. म्हणून दवाखान्यात मीच न्यायचो.

डॉक्टर मला विचारायचे. तिला नाही.

ती समोर स्टुलावर बसलेली, डोक्यावर पदर. आणि डॉक्टर माझ्याकडे बघून, "काय होतंय यांना?"

"दम लागतो म्हणते, सर. अशक्तपणा असेल. टेन्शन पण लई घेते."

ते टेन्शन मी माझ्या मनानं जोडलं होतं. मला वाटायचं, शिकलेली माणसं असंच बोलतात.

डॉक्टर मान हलवायचे. "लेडीजचं असंच असतं. गॅस वर चढतो, मग घाबरून जातात."

गॅसच्या गोळ्या. लाल टॉनिक. एकदा झोपेच्या गोळ्या. तपासणी साडीवरूनच, दोन सेकंद.

असं तीन वर्षं.

याच तीन वर्षांतली गोष्ट. एका कंदुरीत, नवसाच्या बकऱ्याच्या जेवणात, मटण जास्त झालं आणि दाजींच्या छातीत जळजळ सुटली.

अर्ध्या तासात दारात जीप. गावातली सहा माणसं सोबत. थेट नांदेड. ईसीजी, छातीचा फोटो, रक्त, दोन दिवस ॲडमिट.

निघाली ॲसिडिटी.

ते दोन दिवस अक्का घरचं सगळं उरकून डबा घेऊन एसटीनं येत होती. दवाखान्याचा जिना चढताना तीनदा खाली बसली. मी बघत होतो. ईसीजीचं मशीन वरच्याच मजल्यावर होतं.

"हिचा पण काढा" असं म्हणायचं मला सुचलं नाही. कुणालाच सुचलं नाही.

मग एका सकाळी तिला खोकल्यातून रक्त पडलं. तेव्हा कुठं घर हाललं. तेही सासूला टीबीची भीती वाटली म्हणून. लेकराला लागंल, म्हणाली.

दाजी आणि मी तिला नांदेडला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक लेडी डॉक्टर होती. नवीन, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. मी सवयीनं सुरू केलं, "मॅडम, तिला..."

तिनं मला थांबवलं. "तुम्ही बाहेर थांबा. त्यांना बोलता येतं ना?"

पडद्यामागून अक्काचा आवाज येत राहिला. थांबून, दम घेऊन, परत. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

आडवं झालं की जीव घुसमटतो, म्हणून दोन वर्षं ती भिंतीला टेकून बसूनच झोपत होती.

लहानपणी सांधे सुजून ताप यायचा.

पिंकीच्या पाठचं लेकरू सातव्या महिन्यात गेलं, तेव्हापासून सगळं वाढलं.

मी त्याच घरात झोपत होतो.

"ताई, हे आधी कुणाला सांगितलं नाही का?"

"सांगितलं की. भावाला समदं सांगायचे. त्यो डाक्टरला थोडक्यात सांगायचा. शिकलेला हाय ना."

आवाजात राग नव्हता, मित्रांनो. कौतुक होतं.

हृदयाची झडप आकसली होती. लहानपणच्या त्या तापानं. मॅडम दाजींना म्हणाल्या, "मुंबईला न्या. फुगा घालून झडप उघडता येते. उशीर करू नका."

दाजी म्हणाले, "नेतो की. एवढी हळद निघू द्या. पंधरा दिवसांचा सवाल हाय."

अक्का पण म्हणाली, "व्हय, निघू द्या. माणसं सांगून ठेवलेत."

मी काहीच बोललो नाही. दाजींच्या घरात राहत होतो. आणि परीक्षा जवळ आली होती.

छातीतलं पाणी लघवीवाटे काढायच्या गोळ्या घेऊन दाजी तिला घरी घेऊन आले.

अकराव्या दिवशी दुपारी ती अंगणात पिंकीची वेणी घालत होती. एक बाजू झाली. दुसरी अर्धी झाली, आणि ती भिंतीला टेकली.

पिंकीला वाटलं, आई झोपली. ती तशीच बसून राहिली, हलली नाही, आईची झोप मोडेल म्हणून.

मी कॉलेजातून आलो तेव्हा पोर मला हातानं "गप" अशी खूण करत होती.

मातीला आलेले लोक म्हणत होते, "अचानक गेली बिचारी."

अचानक?

दाजींनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. नोकरी लागल्यावर पिंकीला मी सेनगावला माझ्याकडे आणलं. इथंच शिकली. आता सव्वीस वर्षांची आहे.

इतकी वर्षं तिनं विचारलं की मी "हार्टनं गेली" एवढंच सांगायचो. मागच्या आठवड्यात तिनं परत विचारलं, "मामा, खरं सांगा, आईला काय झालं होतं?"

या वेळी सगळं सांगितलं. मी मनानं जोडलेलं ते टेन्शन, कंदुरी, जिना, हळद. माझं गप्प बसणं पण.

ती उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "हे लिहा. तुमचं नाव टाकून लिहा."

म्हणून लिहिलं.

अक्का, माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील.

नुसता नमस्कार करतो.

तुझा,
बालाजी