दव झाडायच्या आधी

दोरीचं एक टोक धाकटीपुढे धरून थोरली म्हणाली, "घे. उजाडेल आत्ता."

रोज सकाळी ती हेच म्हणायची आणि धाकटी जांभई देत टोक हातात घ्यायची. मग दोघी जावा मागच्या अंगणाच्या दोन कडांना उभ्या राहायच्या आणि जाड सुती दोरी गवतावरून ओढत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत जायच्या. दोरीखाली गवत वाकायचं, पात्यांवरचं दव गळून मातीत जायचं, आणि मागे गडद हिरवा पट्टा उलगडत यायचा. समुद्राकाठची हवाच तशी. वारा पडला की सगळ्या घराला घाम सुटायचा. कपाटातले कपडे दमट, मिठाची बरणी दमट, उशासुद्धा दमट. गवतावरचं दव झाडलं नाही तर ते ऊन वर येईपर्यंत तसंच बसून राहतं, आणि दव बसलं की पाठोपाठ बुरशी येऊन बसते. म्हणून ही दोरी. एकटीने ओढण्यासारखं काम नव्हतं ते. त्यामुळे आदल्या रात्री दोघींचं कितीही वाजलेलं असलं, तरी सकाळी दोरीपुरतं त्यांचं जुळायचं.

आज धाकटीने हात पुढे केला नाही.

"जाऊबाई, आज नको."

"का? हात मोडलाय?"

"का ते तुम्हाला माहितेय."

थोरलीला माहीत होतं. काल संध्याकाळी मागच्या भिंतीलगत तण उपटताना धाकटीला गवतात एक गोल दिसला होता. जेवणाच्या ताटाएवढा, कडेला तपकिरी, मध्ये पिवळट. तिने थोरलीला हाक मारून दाखवला. थोरलीने कमरेवर हात ठेवून तो पाहिला आणि म्हणाली, "कुणीतरी बादली ठेवली असेल."

"बादल्या काय तीन-तीन ठेवल्या?" धाकटीने शेजारचे दोन लहान गोल दाखवले.

"झोप जा तू," थोरली म्हणाली होती, आणि ती स्वतः मात्र रात्रभर कूस बदलत राहिली होती. मधली भिंत पातळ होती. धाकटीला खाटेची प्रत्येक करकर ऐकू आली होती.

आणि आत्ता, करड्या उजेडात, बादलीची गोष्ट सांगायची सोय उरली नव्हती. दवाने ते गोल उघडे पाडले होते. प्रत्येक गोलाच्या कडेने पांढुरकी जाळी पसरली होती, कोळ्याने घाईघाईत विणल्यासारखी. दव असेपर्यंतच ती दिसते. एकदा दोरी फिरली की जाळी मोडते, आणि मग उरतो नुसता पिवळा डाग. त्याला बादली म्हणा, कुत्र्याचं मूत म्हणा, काहीही म्हणा.

बागकाका कुठल्याही क्षणी पोचणार होते.

बागकाका म्हणजे गावातल्या मोठ्या इस्पितळाच्या बागेचे प्रमुख. थोरलीकडून ते कित्येक वर्षं गवताच्या गाद्या नेत होते. मातीसकट चौकोनात कापलेलं गवत, चटईसारखी गुंडाळी करून टेंपोत चढवायचं, तिकडे नेऊन अंथरायचं. ते यायचे ते आरामात, ऊन डोक्यावर आल्यावर. चहा प्यायचे, आणि गवताकडे वळूनही न पाहता म्हणायचे, "वहिनी, तुम्ही म्हणताय ना चांगलं? मग झालं तर." पण मध्यंतरी दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या गळ्यात रोगट गाद्या मारल्या आणि इस्पितळाची दर्शनी हिरवळ बघता बघता करपली. तेव्हापासून ते ताकसुद्धा फुंकून प्यायला लागले होते. काल त्यांचा फोन आला. "राग मानू नका वहिनी, पण उजाडताच येतो. दव असताना बघायचंय."

इस्पितळाच्या नव्या इमारतीच्या चौकात हे सगळंच्या सगळं अंगण जाणार होतं. एवढं मोठं काम थोरलीला आजवर मिळालं नव्हतं.

थोरलीच्या आयुष्यात मिळालं असं म्हणण्यासारखं फार नव्हतंच. लग्न होऊन आली तेव्हा या अंगणात भाजी लावायचे. खाऱ्या हवेने ती निम्मी जळायची, उरलेली ओलीने कुजायची. नवरा लवकर गेला. मग ती क्लबच्या मैदानावर तण काढायला जाऊ लागली. दिवसभर उकिडवं बसायचं काम. तिथेच तिने पहाटे दोन माळी दोरी ओढताना पाहिले. घरी येऊन तिने भाजीचे वाफे मोडले आणि गवत लावलं. सासूबाईंनी तेव्हा सगळ्या आळीला सांगितलं होतं, "आमच्याकडे आता स्वयंपाक नाही हो, सूनबाईंनी चरायची सोय केलीय." पुढे त्या गवताच्या पैशावर घराचं छप्पर बदललं, तेव्हा सासूबाईंनी छपराचं तेवढं कौतुक केलं, गवताचं नाही.

धाकटी सून म्हणून आली ती थेट या दोरीच्या दुसऱ्या टोकाला. गवत कापायच्या मशीनचं पातं बोथट झालं की गवताची टोकं पांढरी पडतात, पाणी द्यायचं ते सकाळीच, तिन्हीसांजेला कधीच नाही, हे सगळं तिला थोरलीने शिकवलं. रागावून शिकवलं, पण हातचं राखून नाही. आणि एक गोष्ट न बोलता शिकवली. गादी कापायच्या आधी थोरली चपला काढून प्रत्येक तुकड्यावर अनवाणी उभी राहायची. जिथे तिला बरं वाटलं नाही, तो तुकडा जायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

तीच थोरली आता दोरी पुढे करून उभी होती.

"हे बघ," ती आवाज खाली ठेवून म्हणाली, "एवढं आज निभावून नेऊ. कोपऱ्यातला तुकडा मी देणारच नाही. बाकीचं चांगलं आहे."

"बाकीचं चांगलं आहे हे आज कळतं का? जाळी दिसायला लागली म्हणजे खाली किती पसरलंय कुणास ठाऊक. हे तुम्हीच मला सांगितलंत. आणि आजारी गवतावरून दोरी फिरवली तर ती बुरशी सगळीकडे नेते, हेही तुम्हीच सांगितलंत."

"माझंच मला ऐकवू नकोस."

"मग युरिया टाकताना ऐकायचं होतंत."

हे बोलायला नको होतं. काम मोठं म्हणून थोरलीने भर उकाड्यात, धाकटी नको नको म्हणत असताना, मुठी भरभरून युरिया फेकला होता. गवताला असं काही बाळसं आलं की शेजारचे कुंपणावरून बघून जायचे. पण ते बाळसं नव्हतं, सूज होती, बुरशीला आयतं खाद्य.

थोरलीचा चेहरा दगडासारखा झाला. "कळलं," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला इथे सिमेंट ओतायचंय. तू कशाला दोरी धरशील?"

वरवर पाहिलं तर ते खरंच होतं. तिच्या नवऱ्याचा टेंपो रस्त्यावर उभा असायचा आणि तो ठेवायला मागचं अंगण सिमेंटचं करायचं त्याच्या फार दिवस मनात होतं. अंगणात दोघा भावांचा वाटा. महिन्यापूर्वी जेवताना वाद विकोपाला गेला, आणि थोरलीने ताट सरकवून सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "इस्पितळाचं काम झालं नाही तर मी स्वतः गवंड्याला बोलावीन. मग ओता काय ओतायचं ते." त्यानंतर नवऱ्याने तो विषय काढला नाही. फक्त गवंड्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला.

"तसं नाहीये, जाऊबाई."

"मग धर."

लांब, मोठ्या रस्त्याच्या बाजूला, कुठलीतरी स्कूटर वळली. दोघींनी माना वळवल्या. ती भलतीकडेच गेली.

थोरलीने आणखी वाट पाहिली नाही. ती तरातरा नळापाशी गेली, दोरीचं टोक नळाच्या पाइपाला करकचून बांधलं, दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं आणि दोरी ताणून गोल फिरायला लागली. धाकटी बघतच राहिली. एकटीने होत नाही म्हणून इतकी वर्षं दोघी झोपमोड करत आल्या, आणि हे तर होत होतं. वेडंवाकडं, पण होत होतं. दोरी गवत दाबत सरकत होती, दव झडत होतं, हिरवा पट्टा पंख्यासारखा उघडत होता. थोरलीचा श्वास मोठ्याने वाजत होता. भिंतीलगतचे गोल आता फार लांब नव्हते.

धाकटी धावत गेली आणि गोलाच्या अलीकडे, दोरीच्या वाटेत उभी राहिली.

दोरी आली आणि तिच्या नडग्यांवर थांबली.

"सरक."

"नाही."

"अगं, लागेल."

"लागू दे."

थोरलीने हिसका दिला. ओल्या दोरीने कातडी सोलली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पाय हलले नाहीत. थोरलीने पुन्हा ओढली, या वेळी जरा कमी. मग दोघी नुसत्या उभ्या राहिल्या, मध्ये ताणलेली दोरी, आणि कुणालाच पुढचं सुचेना.

"तुम्ही त्यांना काय सांगणार होतात?" धाकटीने विचारलं. "ते विचारतील, वहिनी, चांगलं आहे ना? तुम्ही हो म्हणणार?"

थोरलीने मनगटावरचा दोरीचा वळसा घट्ट केला.

"तेवढं मला म्हणून दाखवा. चांगलं आहे म्हणा. मी सरकते."

थोरलीचे ओठ हलले. शब्द आला नाही.

फाटकाची कडी वाजली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं बायांनो, पाहुणे आलेत! गवतात काय फुगड्या घालताय?"

बागकाका कोपऱ्यावरून आत आले. हातात चष्मा, तो शर्टाला पुसत. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि थबकले. अर्धं अंगण झाडून गडद झालेलं, अर्धं दवाने चंदेरी, मधल्या रेघेवर दोरी. नळाला बांधलेलं टोक त्यांनी पाहिलं. थोरलीच्या मनगटावरचे वळसे पाहिले. दव असताना येतो म्हणून त्यांनी काल सांगून ठेवलं होतं, ते तिघांनाही आठवत होतं.

"दोरी फिरवलीत?" त्यांनी विचारलं. आवाज साधाच होता, पण त्यात 'वहिनी' नव्हतं.

थोरलीने तोंड उघडलं. ती काय सांगणार होती ते धाकटीला कधीच कळलं नाही, कारण तिच्याआधी धाकटीच बोलून बसली.

"मी फिरवत होते, काका. मला एकटीला जमतं का बघत होते. जाऊबाईंनी येऊन हातातून काढून घेतली. म्हणाल्या, काकांना आधी हे दाखवायचंय." आणि ती बाजूला झाली.

बागकाका त्या गोलापाशी खाली बसले. त्यांनी बोटाने जाळी उचलली, दोन पाती ओढून पाहिली. ती बुडापासून अलगद निघून आली. मग हात झटकून ते उठले.

"हे मी नेऊ शकत नाही," ते शेवटी म्हणाले.

"नेऊ नकाच," थोरली म्हणाली. "कोपरा सोडून बाकीचंही नेऊ नका. युरिया जास्त झालाय सगळीकडे. मी टाकला."

"अंगण रोगातून मोकळं झालं, पुन्हा गवत धरलं, की सांगा. बघायला येईन. असाच, लवकर." त्यांनी चहाला नको म्हटलं. जाताना धाकटीच्या नडग्यांकडे त्यांची नजर गेली. तिथे तांबडी रेघ उठली होती.

स्कूटर सुरू झाली तसा धाकटीचा नवरा तोंडात ब्रश घेऊन दारात आला.

"नेणार नाहीत ना?" फेसातून तो म्हणाला. त्याने वहिनीकडे पाहणं टाळलं, पण आवाजातला आनंद त्याला लपवता आला नाही. "मग वहिनी, तुमच्याच शब्दाप्रमाणे... गवंड्याला सांगू ना? आजच येईल तो."

थोरली मनगटावरची दोरी सोडवत होती. गाठ ओली होऊन बसली होती. "सांगा," ती खाली मान घालून म्हणाली. "मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. मी नाही दिलेला," धाकटी म्हणाली.

नवरा हसला. "तुझा काय संबंध?"

"अहो, निम्मं अंगण आपलं म्हणून तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? मग आपल्या निम्म्यात मला गवत हवंय. गवंड्याला येऊ नको म्हणा."

"आणि टेंपो?"

"टेंपोला दव लागत नाही. राहील रस्त्यावर."

"वेड लागलंय का तुला? कोण घेणार हे कुजकं गवत?"

"तोंड धुवून या आधी. फेस सांडतोय."

तो काहीतरी पुटपुटत आत गेला. विषय संपला नव्हता. दुपारी जेवताना तो पुन्हा निघणार, रात्री बंद दाराआड निघणार, सासूबाईही आपलं तोंड घालणार, हे धाकटीला समोर दिसत होतं. नडग्या आता चांगल्याच चुरचुरत होत्या.

थोरलीची गाठ सुटली. मनगटावर वळसे उमटले होते. ते चोळत ती धाकटीजवळ आली आणि दोघी त्या गोलाकडे बघत उभ्या राहिल्या. ऊन भिंतीवर चढलं होतं, जाळी विरत चालली होती.

"माझ्या वतीने खोटं बोलायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"पुन्हा बोलायचं नाही."

"बरं."

थोरलीने चपला काढल्या आणि गोलाच्या बाहेर, जिथे गवत अजून हिरवंगार दिसत होतं, तिथे अनवाणी उभी राहिली. मग एक पाऊल मागे. मग आणखी एक, थेट अंगणाच्या मध्यापर्यंत. प्रत्येक ठिकाणी ती थांबली आणि प्रत्येक ठिकाणी तिने नाही म्हणून मान हलवली.

"फावडं आण," ती म्हणाली. "इथपासून काढायचंय."