सी, लुक, वॉच आणि पाथर्डीची शेरडं

शोभाचं कौतुक ऐकून कान किटले, म्हणून एक दिवस रजा टाकून मी तिची शाळा बघायला गेले. खरं सांगायचं तर तिचं कुठे चुकतंय ते बघायला गेले. आम्ही डी.एड.च्या मैत्रिणी. मी भिंगारला इंग्रजी शिकवते, ती पाथर्डीपलीकडच्या एका वस्तीवर. सारख्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतला फरक शिकवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मला अठरा वर्षं वाटत आलंय. हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात नाव मात्र तिचं निघतं.

एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे. करंजी घाटात खिडकी सोडू नका. पाथर्डी स्टँडवरची भेळ बरी, चहा पांचट. पुढे वडापची जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही.

"शोभाबाईंकडं व्हय? मंग पुढं बसा," ड्रायव्हर म्हणाला. भिंगारात मला रिक्षावालासुद्धा ओळखत नाही.

वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. मी मुद्दाम अवघड विचारलं, "सी, लुक आणि वॉच, फरक काय?" यासाठी माझा तीन रकान्यांचा तक्ता आहे. माझी मुलं तो घडाघडा म्हणतात आणि पेपरात 'आय ॲम सीइंग टीव्ही' लिहितात.

चौथीतली एक मुलगी उठली. "बाई, शेरडं दिसली की सी. त्यांच्याकडं बघितलं की लुक. आन् लांडगा येईल म्हून राखत बसलं की वॉच."

राखणे हा शब्द मलाही येत होता की. मला तो कधीच का सुचला नाही?

"हे तू शिकवलंस?" जेवताना मी शोभाला विचारलं.

"नाही गं. तुमच्यात याला काय म्हणतात, एवढंच पोरांना विचारते मी. बाकी तीच सांगतात."

तिनं पिठलं-भाकरी वाढली. चव छान होती, तेही मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात मी शेरडं, लांडगा, सगळं सांगितलं. मुलांना झटक्यात कळलं. दारात उभे असलेले मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, छान सुचलं हो तुम्हाला."

"अनुभवानं सुचतं, सर," मी म्हणाले.

म्हणजे हेवा होताच, आता त्यात चोरीची भर पडली. संध्याकाळी शोभाचा फोन आला. "काय गं, कशी वाटली शाळा?"

"ठीक आहे," मी म्हणाले. "रस्ता मात्र चांगला झालाय."