गंधकाच्या काड्यांची डबी

प्रल्हादभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी घाटंजीत भाचीच्या साखरपुड्याला होतो. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कोणता सांधा?" माणूस कसा गेला, हे मी विचारलंच नाही... ते मला ठाऊक होतं.

आर्णीतल्या माझ्या बर्फाच्या कारखान्यात ते बावीस वर्षं मिस्त्री होते. लादी मधून पोकळ निघाली, म्हणजे गार करणारा गॅस कुठेतरी गळतोय असं दिसलं, की बाकीचे दाबाच्या गेजकडे धावत. हे मात्र डोळे मिटून पाइपाच्या कडेकडेनं हुंगत चालत आणि एका जागी थांबत. "इथून जाऊन राह्यला गॅस." अमोनिया कुठून झिरपतो ते शोधायला गंधकाची पेटती काडी फिरवतात; गळती असेल तिथे पांढरा धूर उठतो. मी काड्यांची डबी आणून दिली, तर त्यांनी ती फळीवर टाकली. "नाक हाय न मले, सुधीरभाऊ. काडी कायले?" त्या नाकाचा त्यांना ताठा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

मागच्या हिवाळ्यात ते तापातून उठले. एकदा जेवताना त्यांच्या डब्यातल्या वरणाचा आंबूस वास मला आला. ते निवांत जेवत होते. पुढे लाद्या पोकळ येऊ लागल्या. भाऊ हुंगत चालायचे, पण आता कुठेच थांबायचे नाहीत. डोळे चुरचुरले की मगच मागे सरायचे. एकदा धीर करून म्हटलं, "भाऊ, तब्येत बरी हाय न?"

"मले काय झालं?" म्हणाले आणि पाठ फिरवली.

पुढचं मी विचारलं नाही. त्यांचं नाक गेलं, हे त्यांच्या तोंडावर म्हणणं मला जमेना... आणि उन्हाळा तोंडावर होता, मिस्त्री दुसरा नव्हता, हेही खरंच.

कॉम्प्रेसरजवळचा सांधा साखरपुड्याच्या दुपारी फुटला. आत ते एकटेच होते.

महिन्याभरानं फळी आवरताना ती डबी हाती लागली. उघडली, तर आत एकही काडी नव्हती. म्हणजे मी नसताना ते काड्या पेटवून बघत होते, आणि संपल्यावर नवी डबी मागायला त्यांची जीभ रेटली नाही. आता त्या फळीवर भरलेली डबी असते. रिकामी माझ्या टेबलावर आहे. नवी मागितली तर मी कारण विचारीन, अशी त्यांना धास्ती वाटली असणार.

भाऊ, मी विचारलं नसतं.