सारिकाला मी परत पाठवलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जिच्याशी रोज फोनवर तासभर बोलते त्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात, तर मी गोड बोलून विषय बदलला असता. ते मला छान जमतं.

मी लोणावळ्याच्या एका कॉलेजात शिकवते. हल्ली पदवीच्या मुलांना बाहेर प्रत्यक्ष काम करावं लागतं, त्या अनुभवाचे क्रेडिट मिळतात. ते नसले तर पदवी अडकते. कुणाला कुठे कामाला पाठवायचं, हे माझ्याकडे. जवळच नवलाख उंबरे गावाकडे कंपन्या आहेत, पण आमच्या मुलांना कोण उभं करतं? म्हणून एका मोठ्या रिसॉर्टनं आमची मुलं घ्यायचं कबूल केलं, तेव्हा प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. ते कौतुक मला फार आवडलं होतं – हे आधीच सांगून टाकते.

सारिका शेवटच्या वर्षाला होती. आंदर मावळातल्या एका डोंगरवस्तीतली. घरी थोडी भातशेती, बाकी वडिलांची मजुरी. त्यांच्या वस्तीतून कॉलेजला येणारी ती पहिलीच. एसटी चुकली की फाट्यापर्यंत चालत यायची, आणि तरी वर्गात हसवायची सगळ्यांना. पॉइंट कुठे आहे म्हणून विचारणाऱ्या पर्यटकांची अशी नक्कल करायची, की मलाही हसू आवरायचं नाही. त्या रिसॉर्टवर मीच तिला निवडलं. बोलकी आहे, चमकेल, म्हणून.

एका दुपारी ती स्टाफरूममध्ये आली. बाकीचे जेवायला गेले होते. खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, ते मॅनेजर चादरी काढायला म्हणून मला आतल्या खोलीत बोलावतात. मग दार लावून घेतात. काल हात धरला माझा. मला न्हाई जायचं आता तितं. तुमी दुसरीकडं लावा ना."

मी काय म्हणायला हवं होतं? अशा तक्रारींसाठी कॉलेजात समिती असते. खालच्या बोर्डावर त्या समितीच्या सदस्यांची नावं आहेत – त्यात माझंही आहे. सारिका कदाचित ते वाचूनच आली असेल.

मी म्हटलं, "तुझा काही गैरसमज तर होत नाहीये ना?"

तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे झालं, ते मी पाहिलं. पाहिलं, आणि बोलत राहिले. थोडेच दिवस राहिलेत, मध्येच सोडलंस तर क्रेडिट जातील, वर्ष जाईल, घरच्यांना काय सांगशील? एकटी आत जाऊ नकोस. मी बोलते त्यांच्याशी.

"नक्की बोलाल ना, मॅडम?"

"नक्की."

फोन मी केला. खरंच केला. पलीकडे तोच मॅनेजर. एकदा मिस्टरांना घेऊन जेवायला या म्हणाला. मी हसले. पुढच्या वर्षी जास्त मुलं घ्याल का, असं विचारलं. घेऊ म्हणाला. सारिकाचं नाव माझ्या तोंडून निघालंच नाही.

आणि ती परत गेली – मी सांगितलं म्हणून. त्याच आठवड्यात ती भर दुपारी, अंगावरच्या युनिफॉर्मातच, काम टाकून घरी निघून गेली. त्या खोलीत त्या दिवशी काय झालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

मग तिचे वडील आले. कॉलेजच्या पायऱ्यांवर चपला काढून आत आले.

"पोरगी कायबी बोलंना, मॅडम. जेवंना. हितं काय झालं का?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. माणूस समोर उभा होता, दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, तिची हजेरीच धड नव्हती. कामाचा कंटाळा केला. वरून तिथल्या लोकांविषयी काहीबाही सांगत होती." हे कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. माझं मीच बोलले, शांतपणे, समजावल्यासारखं.

त्यांनी हात जोडले. "तुमी कशाला खोटं सांगाल?" म्हणाले.

सारिका पुन्हा कॉलेजला आली नाही. तिच्या गावची एक मुलगी पुढे सांगत होती, की सारिकानं घरी सगळं सांगून पाहिलं होतं, पण वडिलांनी ऐकून घेतलं नाही. मॅडमनी आधीच सांगितलं होतं ना!

पुढच्या वर्षीपासून त्या रिसॉर्टवर मी फक्त मुलगे पाठवते. मुली कुरकुरतात, आम्हाला का नाही म्हणून. मी काहीतरी कारण देते. म्हणजे गैरसमज नव्हता, हे मला माहीत होतं. पहिल्या दुपारपासूनच माहीत होतं.

परवा कामशेतच्या बाजारात तिचे वडील भेटले. लांबूनच मॅडम, मॅडम करत आले. धाकटी बारावी झाली म्हणाले. "तिला तुमच्याच हाताखाली घालतो. थोरलीनं तुमचं नाव घालवलं, तिचं मनावर घेऊ नका."

सारिका त्यांच्या मागेच उभी होती, भाजीची पिशवी धरून. तिनं सगळं ऐकलं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

मी म्हटलं, "पाठवा, भाऊ."