भरणीच्या खोलीतला पंखा

“पेन्सिलीत असतं तेच हे. मग बाबांना काय झालं? आणि मलाही होणार का?” अशा धुळीवरचे संशोधन हे माझे काम, म्हणून भरणीवाल्याच्या मुलीने हे मला विचारले.

पेन्सिलीतल्याच कार्बनच्या, पण केसाहून हजारो पटींनी बारीक अशा नळ्या तिचे वडील एका कारखान्यात पिशव्यांत भरत. बॅटऱ्यांत आणि प्लास्टिकला बळकटी आणण्यासाठी वापरली जाणारी ती काळी भुकटी इतकी हलकी, की चमचा उचलताच धुरासारखी तरंगू लागे. भिंतीतला पंखा हवेबरोबर मालही बाहेर खेची. म्हणून त्यांनी शिस्तच घालून घेतली होती: भरणी सुरू झाली की पंखा बंद, खिडकीही बंद. चिमूटभरही माल वाया न घालवणारा हात म्हणून त्यांचा लौकिक होता.

“अण्णा, श्वास तरी घेऊ का?” सोबतचे थट्टा करत.

“घे की! सोडू मात्र नकोस, माल उडेल.”

कोणी धास्तावून विचारलेच, तर मालक म्हणे, “पेन्सिल चावून कुणी मेलंय का?” तोंडाला बांधायला मिळे तो साधा कापडी पट्टा.

पुढे त्यांना कोरडा खोकला जडला. जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभे राहावे लागे. काम सुटले तेव्हा त्यांच्या जागी मुलगी लागली. तिला त्यांनीच शिकवले, पंखा बंद करण्यापासून. फुफ्फुसांवर वण असल्याचे डॉक्टरांनी सांगितले ते त्यानंतर. वण कशाचे, ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

त्या संध्याकाळी धाप आवरत ते मुलीला म्हणाले, “उद्यापासून पंखा लाव, बाई.”

“माल उडेल ना, बाबा. तुम्हीच तर...”

“उडू दे गं. सगळाच उडू दे.”

मालकाने मात्र पंखा लावू दिला नाही. घर तिच्याच पगारावर चालत होते. ती जात राहिली. वडील गेले, तेव्हाही ती त्याच खोलीत भरणी करत होती.

अशा काही लांब, ताठ नळ्यांनी उंदरांच्या शरीरात अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह होतो, हे प्रयोगांत दिसले आहे. माणसांविषयी खात्रीने बोलण्याइतका पुरावा अजून नाही. एवढेच मी तिला सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे पुरावा आम्हीच व्हायचं.”

२०२१ साली तिने ती नोकरी सोडली. २०२३ च्या तपासणीत तिच्या उजव्या फुफ्फुसावर वण आढळले.