मागं न बघणारा

दारूबंदीचे दिवस होते. गावठी दारू पकडायला पोलीस साध्या पाटीच्या खाजगी गाड्यांतून हिंडत. मला गाड्यांचं वेड; त्यामुळे दर सोमवारी पुण्याची एसटी धरायला मी पनवेलच्या नाक्यावर मुद्दाम अर्धा तास आधी जायचो.

तिथे एक पंक्चरवाला बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मी इंजिनांवर व्याख्यान द्यायचो आणि तो घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत राहायचा. पोलिसांची साधी गाडी थांबली की मात्र पुटपुटायचा, "सरकारी हाय." कधी चुकला नाही. कशावरून ओळखतो, ते काही सांगत नसे.

एकदा लाल, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार येऊन थांबली. मी तर उभाच राहिलो. रेशमी शर्टातला एक तरुण उतरला आणि सरळ चहा प्यायला गेला.

"ही तरी पोलिसांची नाही!" मी म्हणालो.

"त्यांचीच हाय. कुनाची तरी पकडून आणलेली असंल." तो पहिल्यांदाच उलगडून बोलला. "ज्याची गाडी असते तो उतरला का एकदा तरी मागं फिरून तिला बघतो. यानं बघितली नाय."

"तुम्हालाही भलताच नाद दिसतोय गाड्यांचा!"

"नाद तुमाला. आमाला बघावंच लागतं."

हात पुसून त्याने खुंटीवरच्या दोन ट्यूबा उतरवल्या आणि एकेक करून, दोन्ही हातांनी पोटाशी धरून, आत नेऊन ठेवल्या.

नुसती हवा भरलेली ट्यूब इतकी जड नसते, हे माझी एसटी घाटाला लागल्यावर माझ्या ध्यानात आलं.